माऊस मात्र सोडायचा नाही

संगणकाच्या वर्गात अडलं की आपण काय करतो? शेजारच्या हुशाराला म्हणतो, "जरा बघ ना!" आणि खुर्चीच रिकामी करून देतो. वर्गात सगळ्यांत लहान म्हणून जिला 'धाकटी' म्हणत, त्या मुलीनंही तेच केलं.

तिच्या आजोबांना ऐकू येत नव्हतं. शाळेतून आलं की दार बडवून बडवून तिचे हात दुखायचे. म्हणून तंत्रज्ञानाच्या वर्गात तिनं दार वाजलं की पेटणारा दिवा करायला घेतला. दिवा पेटला, पण विझेच ना! तिनं मैत्रिणीला हाक मारली. या हुशार मैत्रिणीला सगळे 'प्रोफेसर' म्हणायचे. प्रोफेसरनं माऊस ओढला आणि बघता बघता दिव्याच्या जागी भोंगा बसवून मोकळी झाली.

भोंगा खणखणीत वाजला. धाकटीच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं.

"अगं, आजोबांना हा ऐकू कसा जाणार?" वर्गाच्या बाईंनी धाकटीला विचारलं.

"मला तेव्हाच कळलं होतं, बाई. पण तिला जास्त येतं, मी काय बोलणार? मला नाही जमायचं हे. मी हा विषयच सोडते."

"तू तिला काय म्हणालीस?"

"चालत नाही, करून दे."

"ही मदत मागणं नव्हे बाळा, हे काम देऊन टाकणं झालं! मदत दहादा माग. पण काय अडलंय ते सांग आणि माऊस सोडू नकोस. आणि प्रोफेसरबाई, तुम्ही हात मागे घ्या!"

धाकटीनं दिवा परत जोडला. "हा विझत का नाही गं?"

प्रोफेसरचे हात नुसते शिवशिवत होते. "विझायला कुठे सांगितलंयस?" ती कशीबशी एवढंच म्हणाली.

दिव्यासाठी संगणकावर लिहिलेल्या सूचनांची एकेक ओळ धाकटी वाचत गेली. अरेच्चा! विझायचं आधी सांगितलं होतं, पेटायचं नंतर! तिनं ओळींची अदलाबदल केली. दिवा पेटला आणि विझला!

"दिवाच का हवा, हे मी तुला विचारलंच नाही," प्रोफेसर खजील होऊन म्हणाली.

धाकटी आता उठायला तयार नव्हती. "मी तीन थापा मारल्या की तीनदा लुकलुकेल असं करते."

"ते कसं करणार?"

"माहीत नाही. अडले की विचारीन!"

काही दिवसांनी तिनं घराच्या दारावर तीन थापा मारल्या. लगेच दार उघडलं. "तूच असणार, म्हटलं!" आजोबा हसत म्हणाले.

मंडळी, मदत मागण्यात कसला आलाय कमीपणा? मुलांना खुशाल विचारू द्या. फक्त त्यांच्या हातातलं काम काढून घेऊ नका. नाहीतर भोंगा वाजत राहील आणि दार बंदच राहील.