वाक्य पूर्ण होईपर्यंत

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझी मूठ तुटली आहे, झाकणाला चीर गेली आहे. पण मित्रांनो, माझी कीव करू नका. मी अजून वाजतो.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. १९७५ साली कुवेतच्या बाजारातून जगन्नाथरावांनी मला घरी आणले. ते तिथल्याच शुऐबा बंदराजवळच्या रसायनांच्या कारखान्यात तंत्रज्ञ होते. पहाटे कंपनीची बस त्यांना आमच्या अब्बासिया वस्तीतून घेऊन जाई. त्यांच्या पत्नी शामलाताई इस्पितळात नर्स होत्या. पाहुणे आले की जगन्नाथराव मला फडक्याने पुसून टेबलावर ठेवत आणि म्हणत, "अस्सल जपानी आहे!" त्या दिवसांत मी फार ऐटीत असे.

त्यांची एकुलती एक मुलगी सुरेखा. ती बोलताना अडखळायची. ओठ जुळायचे, मान ताठ व्हायची आणि शब्द मात्र आतच राहायचा. शाळेत मुली तिची नक्कल करत. आणि या मुलीला व्हायचे होते शिक्षिका! लोक हसले. ती मात्र हट्टाला पेटली, आणि १९८१ साली इंग्लंडमधल्या लीड्स शहरातल्या एका शिक्षक-प्रशिक्षण कॉलेजात दाखल झाली.

फोनवर तिचा पहिला शब्द निघेपर्यंतच वेळ संपायचा आणि लाइन तुटायची. म्हणून ती कॅसेटी पाठवू लागली. कॅसेटीला घाई नसते, मित्रांनो, आणि मलाही नसते.

इंग्लंड मी कधी पाहिले नाही, पण ते माझ्या पोटातून गेले आहे. "आई, इथं हीटरच्या पेटीत नाणं टाकलं तरच खोली उबदार होते," सुरेखा सांगायची. "दुपारी चारला अंधार पडतो. दुधाची बाटली दारात ठेवतात, तर पाखरं तिचं झाकण फोडून साय खातात. शेजारच्या खोलीत रूथ आहे, अमेरिकेची. वर्षभरासाठी शिकायला आलीय. ती पाण्यात बर्फ मागते, तर कँटीनवाल्या बाई अशा बघतात, जसा काही तिनं उंटच मागितला! तिच्या उच्चारांना सगळे हसतात. मग ती अजून मोठ्यानं बोलते. माझ्या पोळीला ती शेंगदाण्याचं लोणी फासते आणि उभ्याउभ्याच खाते."

हे सगळे तुम्ही जितक्या वेळात वाचलेत, त्याच्या चौपट वेळ तिला सांगायला लागला. शामलाताई भाजी निवडत ते ऐकत. त्यांनी एकदाही कॅसेट पुढे पळवली नाही. जगन्नाथराव मात्र उठून गॅलरीत जात.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये कॉलेजचे पत्र आले: सुरेखाला वर्गात शिकवणे जमेल असे आम्हांला वाटत नाही. तिला ग्रंथालयाच्या अभ्यासक्रमाला घालावे का, वडिलांनी कळवावे. जगन्नाथरावांनी त्याच दिवशी संमतीचे उत्तर लिहिले.

"तिला विचारलंत?" शामलाताईंनी विचारले.

"विचारून काय होणार? वर्गात पोरं हसतील तिला. ते मी बघू शकत नाही."

"तुम्हाला बघायचं नाहीये. तिला शिकवायचंय."

पत्र पाकिटात बंद झाले. त्याच आठवड्यात सुरेखाची नवी कॅसेटही आली. शुक्रवारी सुट्टी असल्याने शेजारी जेवायला यायचे होते. ते येण्याआधी जगन्नाथरावांनी मला उचलले आणि चक्क पलंगाखाली सरकवले. पायताणांच्या शेजारी!

पाहुणे आले. कुवेतच्या शर्क भागातल्या मासळीबाजारात काम करणारे रियाजभाई आणि त्यांच्या पत्नी फखरुन्निसा, दोघेही रत्नागिरीकडचे. जेवण झाल्यावर फखरुन्निसा म्हणाल्या, "वहिनी, पोरीचा आवाज ऐकवा की. इंग्लंडात काय काय करते ती?"

"टेप बिघडलाय," जगन्नाथराव चटकन म्हणाले.

मी बिघडलो? मित्रांनो, तेव्हा मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. पण त्याची गरज पडली नाही. शामलाताई वाकल्या, मला बाहेर ओढले, पदराने पुसले आणि सगळ्यांच्या मधोमध ठेवले.

"टेप चांगला आहे," त्या म्हणाल्या. "बिघडलीय ती आपली हिंमत." आणि त्यांनी नवी कॅसेट घालून कळ दाबली.

"ब... ब... बाबा," सुरेखाचा आवाज आला. रियाजभाईंच्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला. "सरांनी मला सांगितलं, निबंध लिहून दे, वाचू नकोस. रूथ म्हणाली, मी तुझ्या वतीनं वाचते. ती चांगली आहे, पण माझी वाक्यं तीच संपवून टाकते. मी तिला म्हटलं, माझं वाक्य माझं मला संपवू दे. मग मीच वाचला. दहा मिनिटांच्या निबंधाला प... पस्तीस मिनिटं लागली. एक जण हसला. मी थांबले, त्याच्याकडे बघितलं, आणि पुढं वाचलं. बाबा, कॉलेजनं तुम्हाला काय लिहिलंय ते मला कळलंय. मला ग्रंथालय आवडतं. पण मला वर्ग हवाय. तुमच्या भीतीपायी माझा वर्ग देऊन टाकू नका."

मध्ये कितीतरी वेळ नुसती खरखर होती. जगन्नाथरावांचा हात दोनदा माझ्याकडे आला. दोन्ही वेळा शामलाताईंनी तो धरला. मी शेवटपर्यंत वाजलो.

फखरुन्निसांनी डोळे टिपले. "मी सगळं समजले हो," त्या म्हणाल्या. "एकसुद्धा शब्द सुटला नाही."

पाहुणे गेल्यावर जगन्नाथरावांनी संमतीच्या उत्तराचे ते पाकीट फाडले. मग आवाज भरायची माझी लाल कळ दाबली. जन्मभर फडाफडा बोलणाऱ्या त्या माणसाला सुरुवात सापडेना. खूप वेळाने ते एवढेच म्हणाले, "सुरेखा, कॉलेजला मी नाही म्हणून कळवतोय. तू वर्गच घे."

सगळे लगेच गोड झाले, असे मी सांगणार नाही. शिकवण्याच्या पहिल्या परीक्षेत ती नापास झाली. पुढच्या वर्षी पुन्हा बसली आणि पास झाली.

आता घरात दोन कॅसेटींचा नवा चकचकीत यंत्रराज आला आहे. मी कपाटावर असतो. वाळूचे वादळ आले की माझ्या अंगात धूळ शिरते. परवा कोणीतरी म्हणाले, "हा टाकून द्या." शामलाताई म्हणाल्या, "हात तर लावून बघा!" त्यांनी माझा रबरी पट्टा बदलून घेतला आणि सुरेखा आता शिकवते त्या वर्गातली कॅसेट माझ्यातच लावली.

मित्रांनो, त्या कॅसेटीत ती हजेरी घेते. एकतीस नावे. काही नावांशी ती बराच वेळ झुंजते. कुठलेही मूल मध्येच "हजर" म्हणत नाही. प्रत्येक जण आपले नाव पुरते उच्चारले जाईपर्यंत थांबतो.

सात-आठ वर्षांची पोरे आहेत ती. त्यांना जमते. मग मोठ्यांनो, तुम्हांला का जमू नये?