माझ्या तळाची पाच भोके

मित्रांनो, मी एक जुना, निळा, अर्धा ड्रम आहे. अर्धा म्हणजे कंबरेतून कापलेला. उन्हाने माझा रंग इतका उडाला आहे की स्वतःला निळा म्हणताना मलाच संकोच वाटतो.

तरुणपणी मी वागळे इस्टेटमधल्या एका साबणाच्या कारखान्यात होतो. तिथले कामगार मला आडवा करून गडगडत नेत आणि म्हणत, "याच्यातून थेंबसुद्धा गळत नाही." त्याचा मला फार अभिमान होता.

कारखाना बंद पडला, तेव्हा कोलशेतच्या दौलतने मला घरी आणले. त्याची आई मीराबाई. त्यांच्या वाडीत लाल गराचा एक पेरू होता, मीराबाईंच्या सासूने लावलेला. वाडीच्या जागी इमारत उठणार होती. मीराबाईंनी त्या पेरूच्या फांदीची थोडी साल सोलली आणि तिथे ओले शेवाळ बांधले. दीड महिन्याने तिथे मुळे फुटली, तशी फांदी कापून घेतली. यालाच गुटी कलम म्हणतात. पुढच्याच आठवड्यात मूळ झाड पडले. त्या पेरूचे आता एवढेच उरले होते.

त्या कलमासाठी मला कापले आणि तापलेल्या सळईने माझ्या तळाला पाच भोके पाडली. ज्या गुणासाठी माझे नाव होते, तोच गेला! मी खचलो. पण जादाचे पाणी वाहून जाऊ लागले, माती मोकळी राहिली आणि पांढरी, कोवळी मुळे माझ्या अंगाला येऊन टेकली. तेव्हा कुठे मला ती भोके आवडू लागली.

वाडीच्या जागी उठलेल्या नव्या इमारतीच्या गच्चीवर पहिला पेरू धरला. त्याची फोड तोंडात टाकून दौलत म्हणाला, "आये, वाडीतलाच गो!" मीराबाईंनी बिया तेवढ्या पदराच्या टोकाला बांधल्या.

गेल्या वर्षी त्या महिनाभर कळव्याला बहिणीकडे राहायला गेल्या. खालच्या मजल्यावरच्या विनिताताई वर आल्या. "दौलतदादा, आमच्या सिलिंगला ओल आलीय हो. लेकीचा साखरपुडा तोंडावर आलाय."

दौलत ओशाळला. त्याने सिमेंट कालवून माझी पाचही भोके बुजवली. रोज सकाळी तो प्रेमाने पाणी घाली. पाने पिवळी पडली. त्याला वाटले, झाडाला तहान लागली. मग तो दोन तांबे जास्त ओतू लागला. मला ओरडता आले असते, तर मी अख्खी इमारत जागी केली असती.

मीराबाई परतल्या. त्यांनी माझ्या पोटावर टिचकी मारली. बद्द आवाज आला.

"दौल्या, भोका कोनी बुजवली?"

"खाली पानी जात व्हता, आये."

"म्हनून झार बुरवलास? तुजा नाक दाबून तुना पेज पाजू काय?"

त्यांनी स्क्रूड्रायव्हरने सिमेंट फोडले. काळे, कुबट पाणी भळभळा वाहिले. मला चार विटांवर ठेवले. विनिताताईंनी स्वतःची जुनी परात आणून खाली सरकवली. "एवढंसं करायचं होतं, आणि आपण काय करून बसलो," असे त्या पुटपुटल्या.

अर्धे झाड वाळले. मीराबाई रोज एका फांदीची साल नखाने जराशी खरवडून बघत. खाली हिरवे दिसले की दिवस बरा जाई. अडीच महिन्यांनी त्याच फांदीला लालसर पालवी फुटली.

यंदा त्याच फांदीवर त्यांनी गुटी बांधली. कलम तयार झाले, तसे विनिताताईंच्या हातात दिले. "एकाच घरात ठेवायचा नाय असला झार," मीराबाई म्हणाल्या.

मित्रांनो, झाडाला पाणी घालायला सगळ्यांनाच आवडते. पण घातल्यावर जरा वाकून कुंडीखालीही बघत जा. पाणी बाहेर येत नसेल, तर एक काडी घ्या आणि भोक मोकळे करा. झाडाला हाक मारता येत नाही. वाकायचे काम आपले आहे.