खिंडीपलीकडचा फोन

डोळे मिटा आणि एक खोली मनात आणा. तिला भिंती नाहीत, छप्पर नाही, तरी ती खोली आहे. तुमच्या घरातले सगळे फोटो तिच्यात ठेवलेत: वाढदिवसाचे, जत्रेतले, नव्या वासराचे, शाळेच्या फळ्यावरून घाईघाईत काढलेले. या खोलीला दोन दारं आहेत. एक तुमच्या घरात उघडतं, दुसरं लांब डोंगरात, तुमच्या काकूच्या घरात. तुम्ही तुमच्या दारानं आत गेलात, नको वाटलं ते सामान उचललं आणि फेकून दिलं. आता सांगा, काकूनं तिचं दार उघडलं तर तिला काय दिसेल?

सोपं आहे ना? पण घोडेगावच्या संस्कृती नावाच्या मुलीला हे सांगता आलं नसतं. खोलीला दुसरं दार आहे हेच तिला ठाऊक नव्हतं.

संस्कृती सातवीत होती. वडील भरत भाजीची पिकअप चालवायचे, आई रत्ना अंगणवाडीत जायची. त्यांचं मूळ घर धरणाच्या वरच्या अंगाला, खिंडीपलीकडच्या वाडीत. तिथं आता उज्ज्वलाकाकू आणि तिचा चार वर्षांचा मोहित एवढेच राहायचे. दादाभाऊकाका, म्हणजे भरतचे थोरले भाऊ, गेल्या वर्षी भातकापणी आटपत आली असताना तापाचं निमित्त होऊन गेले.

दोन्ही घरचे फोन काकांनीच एका दिवशी, एका दुकानातून घेतले होते. दुकानदारानं भरतच्या फोनात ऑनलाइन खातं उघडून दिलं आणि काकूच्या फोनची वेळ आली तेव्हा तेच खातं तिथंही टाकलं. घर एकच, मग खाती दोन कशाला, असं तो म्हणाला, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या खात्यात दोन्ही फोनांतले फोटो आपोआप जाऊन बसायचे. पुढे तो दुकान बंद करून दुसऱ्या गावी गेला आणि पासवर्डही त्याच्याबरोबर गेला. काकूचे फोटो आपल्या फोनात कसे दिसतात, असा प्रश्न संस्कृतीला कधी पडला नाही. काकूनं पाठवले असतील, एवढंच तिला वाटायचं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली आणि विज्ञानाच्या बाईंनी प्रयोगाचा व्हिडिओ करून पाठवायला सांगितला. संस्कृतीनं लिंबाच्या रसाचा प्रयोग छान केला, आईनं तो फोनवर टिपला, पण व्हिडिओ काही जाईना. ‘जागा संपली’ असं पुनःपुन्हा येत राहिलं. त्याच्याखाली एक निळं बटण होतं: ‘जागा मोकळी करा’.

तिनं ते दाबलं. ॲपनं स्वतःच फोटोंचे ढीग लावून ठेवले होते. एका ढिगावर लिहिलं होतं ‘अंधुक’, दुसऱ्यावर ‘मोठे व्हिडिओ’. फोटो नखाएवढाले दिसत होते. संस्कृतीनं बोटानं थोडं खाली सरकवून पाहिलं. कुणाचा तरी कोपर, अर्धा बैल, चिखल, मधेच एक पांढरा डाग. व्हिडिओंवरही नुसतं गवत नाहीतर चिखल. असले फोटो कोण ठेवतं, असं मनाशी म्हणत तिनं दोन्ही ढिगांवर ‘सगळे निवडा’ दाबलं. ॲपनं विचारलं, ‘हे सगळीकडून काढले जातील. नक्की?’ सगळीकडून म्हणजे कुठून, हे विचारायला जवळ कुणी नव्हतं. ती ‘नक्की’ म्हणाली. तरीही जागा होईना, म्हणून तिनं शोधून शोधून कचऱ्याची टोपलीही रिकामी केली.

व्हिडिओ गेला. बाईंचा अंगठा आला. भरतनं चार लोकांत सांगितलं की आमची पोरगी फोनची डॉक्टर आहे.

पुढच्याच आठवड्यात एका संध्याकाळी सावळाराम दारात आला. खिंडीपलीकडच्या वाडीची जीप तोच चालवायचा. संध्याकाळी जीप वर न्यायची, वाडीतच मुक्काम करायचा आणि सकाळी माणसं घेऊन खाली यायचं, असा त्याचा नेम. काकूनं वरईचं गाठोडं दिलं होतं, ते त्यानं रत्नाच्या हाती दिलं आणि चहाची बशी तोंडाला लावत निरोप सांगितला.

"वैनी उद्या पहिल्या जीपनं येनार हायेत. दादाभाऊचा फोटो मोठा करून काचंत घालायचाय म्हनल्या. वर्षश्राद्धाला भिंतीवर पायजे." मग हसून म्हणाला, "पर त्येचा सरळ फोटो घावंल तर शपथ. समोर फोन धरला की गडी जागचा हलायचा. आमच्या लग्नात तर मांडवाबाहीर पळाला व्हता."

भरतही हसला. फोटो काय, आपल्या फोनातही ढीगभर आहेत, म्हणाला, आणि संस्कृतीला त्यातला एखादा बरासा शोधून ठेवायला सांगितलं.

संस्कृती फोन घेऊन खिडकीशी बसली. मागचं वर्ष उघडलं, त्याच्या मागचं उघडलं, असं करत ती चार वर्षं मागं गेली. भाताच्या आवणीचे दिवस, बैलपोळा, मोहितचं बारसं. काका कुठंच नव्हते. एकुलता एक फोटो राहिला होता, कुणाच्या तरी लग्नातला. त्यातही पुढच्या माणसाच्या फेट्यानं काकांचा अर्धा चेहरा झाकला होता.

तेव्हा तिला तो कोपर आठवला. पांढरा डागही आठवला. काका नेहमी पांढरा सदरा घालायचे आणि कधी स्थिर उभे राहायचे नाहीत.

तिनं लगेच कचऱ्याची टोपली उघडली, ती रिकामी. मग तिनं ॲपच्या मदतीचं पान काढलं आणि ओठ हलवत वाचलं. खात्यातून काढलेले फोटो त्या खात्याशी जोडलेल्या प्रत्येक फोनमधून जातात, असं तिथं लिहिलं होतं. पुढं आणखी एक ओळ होती: त्या फोनला इंटरनेट मिळेल तेव्हा.

ही ओळ तिनं तीनदा वाचली. खिंडीपलीकडे रेंज नाही. बोलायचं झालं तर वाडीतली माणसं खिंडीपर्यंत चालत येतात, आणि कापणीच्या धांदलीत काकूला तेवढी सवड कुठली? म्हणजे काकूच्या फोनात काका अजून होते. उद्या सकाळी जीप खिंडीतलं वळण घेईल. तिथं आल्याबरोबर जीपमधले सगळे फोन एकदम वाजायला लागतात, हे तिला चांगलं माहीत होतं. त्यात काकूचाही फोन असेल.

काकूला फोन करून सांगावं, म्हणून तिनं घाईनं नंबर लावला. लावला आणि मग तिच्या लक्षात आलं. फोन लागला, तर काकू रेंजमध्ये आली असाच त्याचा अर्थ होईल. तिकडून नेहमीची बाई बोलली, ‘आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.’ एरवी हे वाक्य ऐकलं की संस्कृती वैतागायची. आज तिनं ते शेवटपर्यंत ऐकलं, मगच फोन ठेवला.

पासवर्ड बदलून काकूचा फोन खात्यापासून तोडता आला असता, पण जुना कुणाला ठाऊक? दोन दारांच्या त्या खोलीला कुलूप लावणारा माणूसच गाव सोडून गेला होता.

सावळाराम उठून चपला घालत होता. सांगायचं तर आत्ताच, पण घरात पप्पा बसले होते. संस्कृती त्याच्यामागोमाग जीपपर्यंत गेली आणि हळूच म्हणाली, "मामा, काकूला सांगा, फोन बंद करून आण. घरातच बंद करायचा."

"फोन बंद? मंग फोटो दावायचा कसा, पाटीवर काढून?"

"सांगा ना, मामा. विसरू नका."

कशासाठी, हे त्यानं विचारलं. तिनं मागं दाराकडे पाहिलं. पोरांची काहीतरी गंमत असेल, असं समजून त्यानं मान हलवली, सांगतो म्हणाला आणि जीप सुरू केली.

जीपचा आवाज लांब गेला. तो विसरला तर? काकूनं ऐकलं नाही तर? आता वर निरोप न्यायला दुसरं माणूस नव्हतं आणि फोन तर तिकडं लागतच नव्हता. जेवताना तिनं भाकरीचे नुसते तुकडे केले. आईनं कपाळाला हात लावून पाहिला. शेवटी ताट बाजूला सारून ती भरतसमोर जाऊन उभी राहिली.

"पप्पा, काकांचे फोटो मी काढून टाकले."

त्याला आधी कळेना. तिनं जागेचं सांगितलं, ढिगांचं सांगितलं, दोन फोन आणि एका खात्याचं सांगितलं.

"सगळे काढले?"

"जेवढे अंधुक होते तेवढेच."

भरतनं फोन हातात उलटापालटा केला. "म्हणजे सगळेच," तो म्हणाला.

तो रागावला नाही. रागावला असता तर तिला रडता तरी आलं असतं. दादाभाऊनं त्याला खांद्यावर बसवून शाळेत नेलं होतं, हे तिनं त्याच्याच तोंडून कितीदा ऐकलं होतं. मग त्यानं मोटरसायकलची किल्ली काढून उशाशी ठेवली आणि उजाडायच्या आत निघायचं म्हणून सांगितलं. जीप खिंडीत यायच्या आधी आपण खिंड ओलांडायची.

"पण वैनीला काय सांगायचं ते तू सांगायचं. मी नाय सांगणार."

सकाळी धरणावर धुकं होतं. थंडीनं संस्कृतीचे दात वाजत होते, तरी पप्पांनी गाडी सावकाश घ्यावी असं तिला एकदाही वाटलं नाही. खिंडीत भरतचा फोन दोनदा वाजला. पलीकडे उतरून एका उंबराच्या झाडाजवळ पोचल्यावर तिनं तो त्याच्या खिशातून काढून पाहिला, तर रेंजच्या जागी फुली होती. ती फुली बघून तिला थोडा धीर आला. तिथंच त्यांनी गाडी लावली.

जीप आली ती खचाखच भरून. भरतनं रस्त्यात उभं राहून हात केला. सावळारामनं ब्रेक दाबला, आणि त्याच क्षणी त्याच्या खिशातला फोन वाजला.

"माझं शिमकार्ड हितंच रेंज धरतं," तो मोठ्या ऐटीत म्हणाला.

काकूचं कार्ड कुठल्या कंपनीचं, हे संस्कृतीनं कधी विचारलं नव्हतं. ती जीपच्या मागच्या बाजूला धावली. काकू अगदी कडेला बसली होती, मांडीवर मोहित, आणि मोहितच्या दोन्ही हातांत फोन. चालू.

"ये बाई," काकू म्हणाली. "तुजा निरोप मिळाला. बंद केलाच व्हता, पर ह्यानं वाटंत रडून रडून चालू करून घेतला. त्याला त्येचं बाबा बघायचं असत्यात."

फोनातून आवाज येत होता. चिखलात पाय ओढल्याचा, बैलाच्या घुंगरांचा, आणि मधेच काकांचा. "चल राजा, चल पाखऱ्या. घरी पाव्हणं वाट बघत्यात." चित्रात काका दिसत नव्हतेच. चिखल, अर्धा बैल आणि पांढऱ्या सदऱ्याची बाही इकडून तिकडे जात होती. मोहित मात्र त्या बाहीवर बोट ठेवून बसला होता.

वरच्या कोपऱ्यात रेंजची एक काडी आली. गेली. पुन्हा आली.

फोन ओढून घ्यायला संस्कृतीचा हात पुढं झाला होता. मोहितनं फोन छातीशी धरला. ओढाओढीत भलतंच काही दाबलं गेलं तर, असं मनात येऊन ती थांबली. "मोहित, बाबा बघ हं, तूच धर," असं म्हणत तिनं पडद्याचा वरचा काठ एका बोटानं खाली ओढला आणि विमानाच्या चित्रावर बोट टेकवलं. काडी गेली. तिच्या जागी छोटं विमान आलं.

आवाज चालूच राहिला. "घरी पाव्हणं वाट बघत्यात."

संस्कृतीनं जीपचा दांडा घट्ट धरला. आता फोन घोडेगावात न्यायचा, विमान तसंच ठेवायचं आणि एक-एक फोटो मेमरी कार्डावर उतरवून घ्यायचा. त्यानंतरच दोन घरांची दोन खाती करायची. हे सगळं तिनं रात्री अंथरुणात घोकलं होतं. काकूला काय सांगायचं, ते मात्र घोकलं नव्हतं.

"काय केलंस गं त्याला?" काकूनं विचारलं. "आन् येवढ्या थंडीत हितवर कशाला आलात दोगं?"

बॅटरी वाचावी म्हणून, असं सांगता आलं असतं. काकूनं विश्वास ठेवला असता. तिच्या लेखी फोनातलं सगळं संस्कृतीलाच कळायचं. संस्कृतीनं मागं वळून पाहिलं. भरत गाडीशी टेकून दरीकडे तोंड करून उभा होता. सावळारामनं हॉर्न दिला. माणसं खोळंबलीत, काय ते खाली गेल्यावर बोला, असं तो म्हणत होता.

संस्कृती जीपमध्ये चढली. दाटीतून वाट काढत काकूच्या शेजारी बसली, मोहितला फोनसकट आपल्या मांडीवर घेतलं आणि जीप खिंडीतलं वळण घेईपर्यंतही न थांबता म्हणाली, "काकू, काकांचे सगळे फोटो मी काढून टाकले होते," आणि मग पहिल्यापासून सांगायला लागली.