बाईंसाठी ट्रेनर बघायचा कार्यक्रम

राजारामपुरीत त्या रविवारी श्यामलाबाईंच्या घरी बघायचा कार्यक्रम होता. मुलगी बघायची नव्हती, मुलगाही नव्हता. बघायचा होता ट्रेनर! श्यामलाबाई साठीच्या आसपासच्या, हायस्कूलात विज्ञान शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. पण सकाळपासून घरभर अशा भिरभिरत होत्या, की शेजारच्या चिमणाबाईंनी विचारलंच, "काय हो बाई, घरात लगीन हाय काय?"

लग्नापेक्षा मोठं होतं. बाईंना जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालत जायचं होतं. पन्नासेक किलोमीटर, चिखल, ओढे, दोन दिवस. बावीस वर्षं शाळेची पोरं चालत गेली आणि बाई दरवेळी बसनं. कारण सामान, औषधं आणि ग्लुकोजचं पाणी घेऊन कुणीतरी मलकापूरच्या बाजूनं पुढं खिंडीत जाऊन थांबायला पाहिजे, आणि कुणीतरी म्हणजे कोण, हे शाळेत कधी कुणाला विचारावंसुद्धा लागलं नाही. पोरं चिखलानं माखून घोषणा देत यायची, आणि बाई कोरड्या साडीत त्यांच्या हातात पेले द्यायच्या. हसायच्या, आणि आतल्या आत जळायच्या. आता बास! आता शाळा नाही, सामान नाही. गुडघे तेवढे कुरकुरत होते आणि सकाळची बीपीची गोळी होती. म्हणून ट्रेनर.

निवड मात्र बाईंच्या यजमानांनी, अण्णांनी, स्वतःकडं घेतली. अण्णा जिल्हा परिषदेतनं निवृत्त, आणि माणूस पारखायची त्यांची पद्धत एकच. आधी गाव विचारायचं, मग पावणं-रावळं काढायचं, मग मटणाच्या ताटावर बसवायचं.

"चार वाट्या रस्सा ज्याला जात न्हाय, त्यो दुसऱ्याला काय ताकद देणार?" अण्णांचं म्हणणं.

पहिला आला राजवीर. अण्णांचे ऑफिसातले जुने दोस्त आकाराम, त्यांचा हा भाचा. दंड असे, की दारातनं जरा तिरकंच आत यावं लागलं. पोरगं गोड होतं, खोटं कशाला बोला! पाच वाट्या पांढरा रस्सा हाणला, दोनदा भात घेतला, आणि अण्णांचा जीव तिथंच थंड झाला.

"ट्रेनिंगचं कुठं शिकलात?" बाईंनी विचारलं.

"शिकायचं काय त्यात, काकू? बारा वर्षं जिममध्येच हाय की."

"मला बीपीची गोळी आहे."

"बंद करून टाका. मी काढा देतो. जुलैचं म्हणताय न्हवं? दोन महिन्यांत पळवतो तुम्हाला!"

आता एरवी गोळी बंद करायचं कुणी बोललं असतं, तर बाईंनी त्याला बाकावर उभं केलं असतं. पण कानात शिरलं ते फक्त 'पळवतो'. अण्णांनी तर राजवीरच्या पाठीत थाप मारून जाहीर केलं, "ठरलं! शब्द दिला!"

राजवीर गेला आणि तेजस्वी आली. तिला बाईंनी स्वतः फोन करून बोलावलं होतं. शेतकऱ्याघरची, पाठीला सॅक, अंगानं शिडशिडीत. अण्णांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला.

"बसा, जेवून घ्या," ते म्हणाले.

"आधी बाईंचं काम, अण्णा." तिनं ट्रेनिंगचं सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं. "ह्याच्यावर नंबर हाय, तपासून बघा." मग वही काढून विचारत सुटली. गोळी कुठली? ऑपरेशन झालंय? वडलांना हार्टचं काही? मागं कधी पडलाय? शेवटी एक खुर्ची ओढली. "हात छातीशी धरा. बसा, उठा. कशाला धरायचं न्हाय."

बाई तावातावानं उठल्या, बसल्या. सहाव्या वेळी गुडघ्यात कळ आली आणि हात आपोआप खुर्चीवर गेला. तेजस्वीनं लिहून घेतलं.

"या जुलैला नको, बाई. डॉक्टरांची चिठ्ठी आणा, मग हळूहळू सुरू करू. रोज केलंत, तर पुढच्या जुलैचं बघू."

"बघू? बघू म्हणजे काय?" बाई भडकल्या. "एवढंच सांगायला बोलावलं होतं काय मी तुला?"

"खोटं सांगून तुम्हाला चिखलात उतरवायचं न्हाय मला," ती म्हणाली, सॅक उचलली आणि न जेवता गेली.

दुपारभर बाईंनी भांडी आपटली. कालची पोरगी, मला शिकवते! रस्स्याचं पातेलं घासता घासता मात्र त्यांचा हात थांबला. असं तोंडावर सांगून त्यांनी स्वतः किती बापांच्या शिव्या खाल्ल्या होत्या! पोराचा पाया कच्चा आहे, यंदा घाई नको, म्हटलं की बाप तणतणत उठायचे आणि साठ दिवसांत नव्वद टक्क्यांची हमी देणाऱ्या क्लासात पैसे भरायचे. त्या पोरांचे नापासाचे निकाल मग बाईंनीच वाटले होते. आणि हा राजवीर! त्यानं रस्सा बघितला, अण्णांना बघितलं. बाईंना साधं उभं करून तरी बघितलं काय?

त्या ओल्या हातानंच बाहेर आल्या. "अहो, राजवीरला नाही म्हणून सांगा."

अण्णा ताडकन उठले. "अगं, शब्द दिलाय मी! आकारामला काय तोंड दाखवू?"

"शब्द तुमचा. गुडघे माझे."

अण्णांनी गुमान चष्मा शोधून आकारामचा नंबर लावायला घेतला. बाईंनी आपला फोन उचलला. पहिल्या दिवशी वर्गावर जाताना केला होता, तसा पदर सारखा केला.

"तेजस्वी, मी श्यामलाबाई. मघाशी बोलले ते चुकलं माझं. उद्याच डॉक्टरांकडं जाते. पण एक खरं सांग. पुढच्या जुलैला मी खिंडीत पोचेन?"

पलीकडं गाडी बाजूला घेतल्याचा आवाज आला.

"पोचायचं आत्ता सांगत न्हाय, बाई. पण पन्हाळ्यावरनं तुम्ही निघणार. तेवढं माझ्याकडं लागलं."

बावीस वर्षं त्या दरवर्षी खिंडीत पोचल्या होत्या. निघाल्या एकदाही नव्हत्या.

"काय झालं? काय म्हणती?" फोन कानाला तसाच धरून अण्णांनी विचारलं.

"अहो," बाई ओरडल्या, "मी निघणार!"