सन्मानपत्रावरचा बाप

आमच्या देवव्रतचा बॅले ही ऑकलंडच्या मराठी मंडळाची खास करमणूक होती. पोरगा घट्ट विजार घालून उड्या मारतो, या विषयावर फ्लॅट बुश उपनगरातल्या पाच बेडरूमच्या घरांत पाहुण्यांची जेवणं पचत. मग वेलिंग्टनच्या एका बॅले कंपनीने त्याला घेतलं, पेपरात फोटो आला आणि मंडळाला साक्षात्कार झाला की हा तर आपलाच! गणपतीत सत्कार ठरला.

देवव्रतला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. पायाच्या बोटांना टेप लावता लावता तो मला म्हणाला, "आजोबा, आय जस्ट वॉन्ट बोथ माय मम्स अप देअर. दॅट्स ऑल." अठरा वर्षांच्या पोराच्या अंगठ्यांची नखं काळी पडलेली. मला ते पाय बघवत नाहीत, इतका जीव आहे माझा त्याच्यावर. "स्वीट ॲज," मी म्हणालो. म्हणजे 'एकदम ठीक', हे त्यानेच शिकवलेलं.

दोन मम्स म्हणजे माझी मुलगी मृदुला आणि तिची बायको विनिता. मृदुलाने त्याला जन्म दिला, आणि विनिताने बारा वर्षं ऑफिस सांभाळून क्लासला नेलं-आणलं. दोघींचं रीतसर लग्न झालंय. मी दर वर्षी सहा महिने त्यांच्याकडे माउंट रॉस्किलला असतो, विनिताच्या हातची आमटी ओरपतो. पुण्यात मात्र ती मृदुलाची फ्लॅटमेट आहे. ऑकलंडला भाडी फार, असं मी सांगतो. गेली एकोणीस वर्षं भाडी फारच आहेत.

दोघी कामावर असताना मंडळाचे अध्यक्ष मोरेश्वर घरी आले, सन्मानपत्राचा मजकूर घेऊनच.

"मधुकरकाका, जरा अडचण आहे. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी आपली पद्धत. मधे काय घालू?"

"दोघींची नावं घाला," एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? मी म्हणालो, "माझं घाला. आजोबा वडिलांच्या जागीच."

मोरेश्वरांचा जीव भांड्यात पडला. "वा! मग पालक म्हणून स्टेजवर तुम्हीच या. विनिताताईंना मावशी म्हणून पुढच्या रांगेत बसवू. नो वरीज!"

घरात मी कुणाला काही बोललो नाही. वेळ आली की बघू, हा माझा आयुष्यभराचा मंत्र.

सत्काराच्या दिवशी हॉल भरला होता. विनिता ठेवणीतली पैठणी नेसून आली होती. निवेदन करणाऱ्या सिद्धीने खणखणीत आवाजात पुकारलं, "कुमार देवव्रत मधुकर पेंडसे! आणि त्याचे वडील, श्रीयुत मधुकर पेंडसे!"

टाळ्या झाल्या. आमच्या मागच्याच रांगेत दमयंतीबाई शेजारणीला म्हणाल्या, "शहात्तरीच्या माणसाला अठराचा मुलगा? दुसरेपणाचा असेल गं." बाकी कुणाला काही खटकलं नाही. एका पोराला दोन आया चालत नव्हत्या. आईचा बाप हाच पोराचाही बाप, हे मात्र संस्कृतीत व्यवस्थित बसलं.

मृदुला माझ्याकडे बघतच राहिली. विनिता मान खाली घालून पदर सारखा करत होती. देवव्रतने विचारलं, "डिड यू टेल देम दॅट, आजोबा?"

मी चष्मा काढून पुसायला घेतला. त्याला उत्तर कळलं. त्याने एका हाताने मृदुलाला आणि दुसऱ्या हाताने विनिताला उठवलं, आणि तिघं मधल्या वाटेने बाहेर पडले. मी त्यांच्या मागे जायला हवं होतं. पण सिद्धीने पुन्हा नाव पुकारलं आणि मी निमूटपणे स्टेजवर चढलो.

शाल झाली, नारळ झाला. सन्मानपत्र हातात देताना मोरेश्वरांनी माइक माझ्यापुढे धरला. "पण आपले सत्कारमूर्ती कुठे गेले?"

"गेला," मी म्हणालो. "त्याच्या दोन्ही आयांबरोबर."

अठरा वर्षांत पहिल्यांदा मी हे चारचौघांत बोललो होतो, आणि ज्यांनी ऐकायला हवं होतं त्या तिघांची गाडी तोवर निघूनही गेली होती.