दारूबंदीचा इंग्लिश सिनेमा

"तिले सांग, खिडकीवरची चादर नीट लाव म्हनावं. टीवीवर ऊन येऊन राह्यलं."

पत्रूने हे मुलाला, दिनेशला सांगितले. जिला सांगायचे ती रुखमा त्याच खोलीत, हातभर अंतरावर, खिडकीपाशीच उभी होती. तिने चादर लावली.

रुखमाने दारूची मडकी फोडली त्या दिवसापासून पत्रू बायकोशी बोलत नव्हता. दहा वर्षे होत आली. दिनेश घरात असला की त्याच्यामार्फत, नसला तर बकरीमार्फत संसार चालायचा. "भूक लागली वं बकरे," असे तो ओरडायचा आणि रुखमा ताट वाढायची. गावाला याचे हसू यायचे, रुखमाला येत नसे. उद्या सकाळी दिनेश बापाला पोटाच्या ऑपरेशनसाठी चंद्रपूरला नेणार होता. हा माणूस न बोलताच जाईल, परत आला नाही तर काय, या विचाराने तिला अन्न गोड लागत नव्हते.

ऑपरेशनआधी पत्रूने एकच मागणे केले होते: मूल गावच्या बाबूभाईचा तो जुना सिनेमा. अमेरिकेतल्या दारूबंदीचा.

बाबूभाई पूर्वी गावोगाव टीव्ही आणि व्हिडिओ घेऊन फिरायचा. आता सीडी आल्या, धंदा बसला. पण पत्रूसाठी त्याने धूळ पुसून व्हिडिओ बाहेर काढला आणि वैनगंगा ओलांडून आला. त्याला इंग्रजी येत नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणाची हरकतही नव्हती. टीव्हीशेजारी उभा राहून तो सिनेमा सांगायचा. लोक पाहायला कमी, ऐकायलाच जास्त येत.

"देखो पत्रूभाऊ, हा टोपीवाला दादा. सरकारनं दारू बंद केली, आपल्या गडचिरोलीवानी. पन हा आयकते का? दुधाच्या गाडीत पिंपं भरून राह्यला."

"हुशार आहे," पत्रू म्हणाला. "मी धानाच्या तनसीच्या ढिगात लपवत होतो."

पडद्यावर पोलीस कुऱ्हाडींनी पिंपे फोडू लागले. दहा वर्षांपूर्वी पहिल्या खेळाला इथे बायकांनी टाळ्या पिटल्या होत्या. त्याच उन्हाळ्यात, रुखमाला पुढे घालून, त्याच बायकांनी गावातली मोहाच्या दारूची सगळी मडकी फोडली. पत्रूच्या घरचीही. दारू गेली याचे त्याला फार दुःख नव्हते. पण त्याच ओळीत एक लहान मडके पेनाचे, म्हणजे कुळाच्या देवाचे होते. पहिल्या धारेची दारू त्यात ठेवायची आणि देवाला वाहिल्याशिवाय घरात सण करायचा नाही. तेही फुटले. बायकोने ते जाणूनबुजून फोडले, असा पत्रूचा पक्का समज होता, आणि समज एकदा पक्का झाला की पत्रू देवाचेही ऐकत नसे.

सिनेमातल्या दादाच्या बायकोनेच पोलिसांना खबर दिली, आणि तेवढ्यात लाइट गेली.

बाबूभाई थांबला नाही. "आता दादा घरी येते. बायकोले विचारते, काऊन सांगलं तू पोलिसाले? आन् बायको..."

"गप राह्यते," पत्रू म्हणाला. "मले याद आहे. काहीच बोलत नाई ते."

"बोलते," रुखमा म्हणाली.

बाबूभाईने तिच्याकडे पाहिले. सिनेमातली बाई खरोखरच गप्प राहायची. "तुमीच सांगा बाई," तो म्हणाला. "माझी टेप आता जुनी झाली."

"ते बाई म्हनते, बाकीचे समदे मीच फोडले. पन एक लहान होतं, देवाचं. ते उचलून आत नेत होती. तेवढ्यात संगच्या बायाईनं पाह्यलं. घाबरली, आन् हातातून सुटलं."

अमेरिकेत आपला देव कुठून आला, असे दिनेश विचारणार होता. बाबूभाईने त्याच्या मांडीवर हात ठेवला.

पत्रू बंद टीव्हीकडे बघत राहिला. "तिले विचार," तो सवयीने म्हणाला, पण दिनेशकडे वळला नाही. मग रुखमाकडेच बघून म्हणाला, "काऊन नाई सांगलं इतके वर्स?"

"साऱ्या गावाचे मडके फोडले, आन् आपल्या घरचं वाचवत होती. कोन्या तोंडानं सांगू?"

पत्रूच्या डोळ्यांत पाणी आले. "सुटलं होय," तो म्हणाला. "हातातून सुटलं."

लाइट आली. व्हिडिओ कोणी लावला नाही.

"दिनेशचे माय," पत्रू म्हणाला, "उद्या तूही चाल चंद्रपूरले."

रुखमाने दोरीवरचे आपले लुगडे काढले, घडी केली, त्याच्या पिशवीचे तोंड उघडले आणि त्याच्या दोन धोतरांच्या मध्ये ते नीट दाबून बसवले.