फुकटची पट्टी

माझ्या भावाला एकटी वस्तू दिसतच नाही. बादली घ्यायची म्हटलं तरी दोन बादल्या शेजारी ठेवून त्यांचे गुणदोष मांडणार, तोवर दुकानदार शटर ओढायला लागलेला असतो. बाबांनी आयुष्यभर बस चालवली. त्यांनी त्याचं नाव ‘सिग्नल’ ठेवलं, आणि मी सगळ्यांवर ओरडते म्हणून मी ‘कंडक्टर’. पुढे बाबांच्या डोक्यातून एकेक गोष्ट पुसली जाऊ लागली. आमची खरी नावंही गेली, ही दोन मात्र राहिली.

सिग्नल वेबसाइट बनवून पोट भरतो. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्याला विचारतं, फुकटात होतंय तर पैसे कशाला मोजायचे? मग साहेबांना रंग चढतो. “फुकटच्या जागेत तुम्ही भाडेकरूसुद्धा नसता, नुसते पाहुणे. घरमालक तुमच्या भिंतीवर वाटेल ते चिकटवणार, तुम्ही ब्र काढायचा नाही.” मी बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनवर कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत असते. हे भाषण मला पाठ झालंय.

त्या दुपारीही आत हेच भाषण चालू होतं. मी शिवलेले कपडे पोचवून परत आले तर दार सताड उघडं, बाबांची खुर्ची रिकामी, आणि खुंटीवरचा ड्युटीचा कोट गायब. सिग्नल आत फोनवर त्या गिऱ्हाइकाला अजून फुकट आणि विकत यातला फरक सांगत होता. मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याचा चेहरा बघितला आणि पुढचं बोलणं सोडून बाबांना शोधायला पळाले.

पोलिसांत तक्रार दिली. आसपासचे रस्ते पालथे घातले, फोटो आणि नंबर असलेले कागद खांबांवर लावले. पण ते आमच्याच भागात. बाबा कोटासकट निघालेले, म्हणजे बसनं कुठेही गेले असणार. सिग्नल म्हणाला, “पान बनवू. फोटो, वर्णन, कुठे दिसले ते बदलत राहता येईल. लिंक पाठवली की सगळ्या शहरात फिरेल.”

त्यानं लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडल्या. अर्थातच दोन.

“विकतचं घेतलं तर आपला स्वतःचा पत्ता, स्वच्छ पान. पण पैसे भरल्यावर खातं तपासणार, मग पत्ता चालू होणार. उद्या दुपार उजाडेल. फुकटचं आत्ता सुरू होतं.”

“आणि ही खाली पट्टी कसली?”

“त्यांची जाहिरात. फुकटच्या पानावर ती असतेच.” मग त्यानं माझ्याकडे बघितलं. “ताई, थंडी आहे गं बाहेर.”

जन्मात पहिल्यांदा त्यानं चटकन निर्णय घेतला. मला त्याचं कौतुक वाटलं, हे मी आजही सांगते.

पान सुरेख झालं. वर बाबांचा हसरा फोटो, मग वर्णन, आणि शेवटी लाल अक्षरात आमचा नंबर. लोकांनी आधी वाचावं आणि मग लगेच फोन करावा म्हणून शेवटी. त्याच्या लॅपटॉपवर पाहिलं, माझ्या फोनवर पाहिलं, सगळं ठीक दिसलं. लिंक पाठवली आणि ती खरंच गावभर पसरली. फोनही आले. कुणी भलत्याच म्हाताऱ्याला पाहिलं होतं, कुणी नुसतं विचारपूस करत होतं. प्रत्येक वेळी सिग्नल उठून उभा राहायचा, आणि परत बसायचा.

मग सकाळी खरा फोन आला तो डेपोच्या रखवालदाराचा. बाबा ज्या मार्गावर गाडी चालवायचे त्याच्या शेवटच्या थांब्यामागे भंगारातल्या बसेस उभ्या असतात. त्यातल्या एकीत, ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते. डॉक्टर म्हणाले, पहाटेच्या थंडीनं गेले.

सगळं उरकल्यावर त्या बसमध्येच राहिलेला त्यांचा कोट आणायला मी एकटीच डेपोत गेले. परतताना त्याच शेवटच्या थांब्यावर बसले, तर चहाच्या टपरीवरची म्हातारी माझ्याकडे टक लावून बघत होती.

“तू त्यांची मुलगी का गं? नाक तेच आहे.”

मी मान हलवली.

“माझा निरोप तुम्हाला वेळेत पोचला नाही ना? मी धाडला होता हो.”

“कसला निरोप?”

“अगं, आदल्या संध्याकाळी ते इथेच बसले होते. मी चहा दिला. सारखे म्हणत होते, कंडक्टर आली की सुटायचं. नातीनं तुमचं ते पान पाठवलेलं, फोटोवरून लगेच ओळखलं मी. पण त्यावर नंबरच नव्हता. खाली एक पट्टी होती, ती दाबली. तिथे नाव विचारलं, मेल विचारला, माझा नंबर विचारला. चष्मा लावून एकेक अक्षर भरलं बाई मी. वर मान केली तर तुझे बाबा उठून गेलेले.”

“समोर पोलीस चौकी आहे ना, मावशी?”

“गेले असते. पण सगळं भरून झालं होतं ना. म्हटलं, आता पोरं निघालीच असतील. टपरी बंद करायची सोडून बसून राहिले तुमची वाट बघत.”

मी तिचा फोन मागितला. लहानसा, काचेला तडा गेलेला. पान उघडलं. बाबा हसत होते. खाली गेले. वर्णन संपलं आणि त्याखाली पट्टी: ‘तुमचंही पान बनवा, अगदी फुकट!’ कितीही सरकवलं तरी ती जागची हलेना. तिच्या वरच्या कडेला लाल अक्षरांचे फक्त शेंडे दिसत होते. पट्टी दाबली तर म्हातारीच्या नावाचं एक कोरं पान उघडलं.

“पोचला होता निरोप,” मी म्हटलं. “आम्हालाच उशीर झाला.” तिला तरी आणखी काय सांगणार?

घरी आले तर सिग्नल लॅपटॉपसमोर बसलेला. बाबा गेल्यापासून त्यानं एकही काम घेतलं नव्हतं.

“ताई, बघ किती लोकांनी पाहिलं पान. एवढ्यांतल्या एकानंही त्यांना पाहिलेलं नसणार. पाहिलं असतं तर फोन केलाच असता ना?”

मी कोट खुंटीला अडकवला. पाठमोरं राहायला तेवढं निमित्त पुरलं.

“केलाच असता.”

“म्हणजे आपण करायचं ते केलं. फुकट नाही गेलं.”

“नाही गेलं,” मी म्हटलं. आवाज कंडक्टरचा काढायला गेले, तो निघाला नाही. “पण आता काढून टाक ते पान. आत्ताच्या आत्ता.”

तो बाबांच्या फोटोकडे बघत राहिला. मग लॅपटॉप हळूच मिटला.

“राहू दे गं. फुकट तर आहे.”